रिकाम्या डब्यांसाठी काढलेली चित्रं

बर्फाचं शिखर, निळाशार समुद्र, वाफ सोडत अंगावर येणारं इंजिन आणि खाली ठसठशीत अक्षरांत गावाचं नाव. प्रवासाची अशी जुनी पोस्टरं आज कॅफेत, हॉटेलांच्या लॉबीत, ऑनलाइन दुकानांत जिकडेतिकडे दिसतात. बहुतेक ठिकाणी असते ती नक्कल, पण नकलेलाही गिऱ्हाईक मिळतं इतकी ही चित्रं लोकांना आवडतात. ती जमवण्याचा नाद मलाही आहे. या नादात शिकलेली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. ही पोस्टरं समजून घ्यायची तर चित्राआधी पैशाचा हिशेब बघावा. कुणाची गाडी रिकामी धावत होती आणि ती भरायला कुणाला बोलवायचं होतं, हे कळलं की चित्रात काय आहे आणि काय नाही, दोन्हींचा उलगडा होतो.

रेल्वेचा हिशेब असा. रूळ, पूल, स्टेशनं, सिग्नल, नोकरांचे पगार हा खर्च ठरलेला. गाडीत चाळीस माणसं बसोत की चारशे, खर्चात फार फरक पडत नाही. त्यामुळे गाडी सोडायचीच आहे म्हटल्यावर रिकाम्या जागेवर येऊन बसणारा प्रत्येक जादा प्रवासी म्हणजे जवळजवळ निव्वळ नफा. अडचण एवढीच, की लोक प्रवास करतात ते ठरावीक वेळी. मुंबईच्या लोकलनं जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सकाळी साडेआठला पाय ठेवायला जागा नसते, दुपारी दोनला पाय पसरून बसता येतं.

लंडनच्या अंडरग्राउंड रेल्वेपुढे १९०८ साली हाच प्रश्न होता. तिथं प्रसिद्धीचं काम फ्रँक पिक या तिशीतल्या अधिकाऱ्याकडे आलं. त्यानं चांगले चित्रकार गाठले आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या वेळी लोकांनी घराबाहेर पडावं म्हणून शहराबाहेरची हिरवळ, नदीकाठ, प्राणिसंग्रहालय अशी चित्रं स्टेशनांवर लावायला सुरुवात केली. कचेरीत जाणारा माणूस येणारच होता, त्याच्यासाठी पोस्टर काढण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं स्केग्नेस या समुद्रकाठच्या गावासाठी एक पोस्टर लावलं. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तर समुद्राचं थंड वारं अंगाला झोंबतं. सहलीला जाणाऱ्याच्या दृष्टीनं हा गावाचा दोषच. जॉन हॅसल या चित्रकारानं एक गोलमटोल म्हातारा कोळी वाळूवर उड्या मारत निघालेला दाखवला आणि सोबतची ओळ सांगत होती की इथली हवा भलतीच तरतरी आणणारी आहे. दोष होता तोच विकायला काढला. या चित्राचे हॅसलला १२ गिनी मिळाले. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातून स्केग्नेसला जाऊन परत येण्याचं तिकीट ३ शिलिंग होतं, आणि ते पोस्टरवरच छापलेलं होतं. हॅसलनं स्वतः ते गाव पाहिलं १९३६ साली. पोस्टरवरचं चित्र म्हणजे त्या जागेचा पुरावा असं का समजू नये, ते यावरून कळावं.

आता तंत्राकडे येऊ, कारण या चित्रांची सगळी ऐट तंत्रातून आली आहे. लिथोग्राफी, म्हणजे शिळाछाप, जर्मनीतल्या आलोइस झेनेफेल्डरनं १७९६ च्या सुमारास शोधून काढली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा आणि त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग डिंक आणि थोडं आम्ल यांचं मिश्रण फिरवायचं, म्हणजे खडू न लागलेला भाग पाणी धरून ठेवतो. दगड ओला करून त्यावर शाईचा रूळ फिरवला, की ओल्या भागावर शाई बसत नाही, तेलकट रेघांवर मात्र बसते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. चित्र कागदावर उलटं उमटतं, म्हणून दगडावर अक्षरंसुद्धा उलटी काढावी लागत.

रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळा आधी छापायचा, तो वाळला की त्याच कागदावर लाल, मग निळा. दरवेळी कागद अगदी त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर जातो. पॅरिसमध्ये ज्यूल शेरे यानं १८६० च्या दशकापासून या रंगीत छपाईतून मोठाली पोस्टरं काढली आणि रस्त्यावरच्या भिंती रंगीत केल्या. फ्रान्समध्ये १८८१ च्या कायद्यानं भित्तिपत्रकं लावण्यावरची बंधनं सैल झाली, मग तर पोस्टरांचा पूर आला.

मराठी घरांना ही छपाई अनोळखी नाही. पुण्याचा चित्रशाळा हा छापखाना १८७८ सालचा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो नंतर विकत घेऊन चालवला. आपल्या पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती याच पद्धतीनं, दगडावर दगड चढवून छापलेली होती. फरक असा, की देवीच्या चित्रात तैलचित्राची मऊ छटा आणायची असल्यामुळे पुष्कळ दगड लागत. रेल्वेच्या पोस्टरला तेवढा खर्च परवडायचा नाही आणि वेळही नसायचा. मग चार-पाच रंगांत भागवायचं कसं? रंगाचे मोठे सपाट पट्टे टाका, बारीक तपशील गाळा, सावली म्हणून सरळ एक जांभळा तुकडा बसवा. ज्या सुटसुटीत शैलीवर आज आपण फिदा होतो, तिच्यामागे छापखान्याचं बिल बरंचसं आहे.

ही शैली कळसाला पोचली दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. ब्रिटनमध्ये १९२३ साली शंभरावर लहानमोठ्या कंपन्या चार मोठ्या रेल्वेंत एकत्र केल्या गेल्या. त्यातल्या दोन, एलएनईआर आणि एलएमएस, लंडनहून स्कॉटलंडला जात, एक पूर्वेकडून आणि दुसरी पश्चिमेकडून. एलएमएसनं रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेतल्या नामवंत चित्रकारांकडून चित्रं काढून घेतली. एलएनईआरचे प्रसिद्धीप्रमुख विल्यम टीस्डेल यांनी मात्र खास पोस्टरचं अंग असलेले चित्रकार हाताशी धरले. त्यातला टॉम परव्हिस मला सगळ्यांत आवडतो. त्याच्या समुद्रकाठच्या चित्रांत माणसांना नाक-डोळे नसतात, रंगाचे चार तुकडे असतात, तरी ऊन अंगाला लागतं. अकॅडमीवाल्यांची चित्रं सुंदर होती, पण ती दिवाणखान्यात शोभणारी. धावतपळत प्लॅटफॉर्मवर येणाऱ्याला दोन सेकंदांत गाठायची कला वेगळी, आणि ती परव्हिसकडे होती.

त्याहून पुढे गेला तो फ्रान्समधला कासांद्र. जन्म युक्रेनमधल्या खार्किवचा, खरं नाव अडोल्फ मूरों. १९२७ साली त्यानं पॅरिस ते ॲम्स्टरडॅम धावणाऱ्या ‘एत्वाल द्यू नॉर’ म्हणजे ‘उत्तरेचा तारा’ या गाडीचं पोस्टर केलं. त्यात गाडी नाहीच. इंजिन नाही, डबा नाही, प्रवासी नाही, गावही नाही. खालून वर जाणारे रूळ आहेत, ते एकमेकांना छेदत दूर क्षितिजाकडे निमुळते होत जातात आणि अगदी वर एक पांढरा तारा. चित्राचा बहुतेक भाग राखाडी. पाहणारा रुळांच्या पातळीवर उभा असल्यासारखा वाटतो आणि नजर आपोआप वर ओढली जाते. कंपनीनं असलं पोस्टर मंजूर केलं याचं मला अजून कौतुक वाटतं. १९३५ साली त्यानं नॉर्मंडी या बोटीचं पोस्टर केलं. तिथं बोटीचं टोक समोरून, पाण्याच्या पातळीवरून दिसतं आणि खाली पांढऱ्या पक्ष्यांचा एक चिमुकला थवा आहे. बोट केवढी प्रचंड आहे ते त्या पक्ष्यांवरून कळतं.

भारताची पोस्टरं प्रामुख्यानं १९२० आणि १९३० च्या दशकांतली. आपल्या बोरीबंदरची जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि इंडियन स्टेट रेल्वेज यांनी ती काढली. जीआयपीसाठी विल्यम स्पेन्सर बॅग्डाटोपुलोस या ग्रीसमध्ये जन्मलेल्या चित्रकारानं काम केलं, तर स्टेट रेल्वेजच्या ‘व्हिजिट इंडिया’ मालिकेत व्हिक्टर व्हीव्हर्ससारखी नावं दिसतात. ताजमहाल, काशीचे घाट, दिल्ली, दार्जिलिंग हे विषय ठरलेले. रेल्वेची प्रसिद्धी कार्यालयं लंडन आणि न्यूयॉर्कला होती, यावरून बोलावणं कुणाला होतं ते उघड आहे. बॅलार्ड पिअरला बोटीतून उतरून पहिल्या वर्गाच्या डब्यात बसणारा तो पाहुणा. त्याला थंडीच्या महिन्यांत भारत बघायचा होता आणि त्याच्यासाठी घाट, हत्ती, फेटे, घुमट यांचा भारत रंगवला गेला.

वास्तविक रेल्वेला प्रवासी-उत्पन्नाचा सर्वांत मोठा वाटा मिळत होता तिसऱ्या वर्गाकडून. त्या डब्यांतल्या हालांबद्दल गांधीजींनी १९१७ साली जाहीर लिहिलं होतं. पण तो डबा या पोस्टरांत शोधून सापडत नाही. तो आधीच भरलेला होता. पंढरीला जाणारा वारकरी पोस्टर बघून निघत नसे. चित्रात माणसं येतात ती देखाव्याचा भाग म्हणून, पाणी भरणारी बाई, घाटावरचा साधू. प्रवासी म्हणून भारतीय माणूस क्वचितच. ही पोस्टरं मला मनापासून देखणी वाटतात, आणि ती जमवणाऱ्यानं ही रिकामी जागाही पाहिली पाहिजे असं मला तितक्याच मनापासून वाटतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास चित्र पालटलं. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली जन्माला आला तो मुंबईत. कल्पना कंपनीचे बॉबी कूका यांची, रेखाटन जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतले उमेश राव यांचं. ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनीव्हामार्गे लंडनला एअर इंडियाचं पहिलं विमान गेलं, आणि पुढच्या वर्षांत हा मिशीवाला गृहस्थ पोस्टरांवरून जगभर हिंडला. ज्या शहरात जाईल तिथला वेष तो घ्यायचा. आता भारतीय माणूस देखाव्यात उभा नव्हता, तोच जग बघायला निघाला होता. म्हणून माझ्या लेखी एअर इंडियाची पोस्टरं आपल्या संग्राहकांसाठी सर्वांत मोलाची.

मग अशी हजारो पोस्टरं छापली गेली तर आज ती दुर्मीळ का? कारण ती टिकवण्यासाठी नव्हतीच. हंगाम संपला की जुन्यावर नवं चिकटवायचं किंवा फाडून टाकायचं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये कागदाची टंचाई होती, तेव्हा पुष्कळ जुना कागद लगद्यासाठी गेला. आज उरलेल्या प्रती बहुतेक अशा, ज्या कधी भिंतीवर लागल्याच नाहीत, छापखान्यात, कचेरीत किंवा एजंटाच्या कपाटात पडून राहिल्या. अमेरिकेतलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिथं मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून १९३८ ते १९४१ दरम्यान राष्ट्रीय उद्यानांची १४ पोस्टरं स्क्रीन प्रिंटिंगनं काढली होती. नंतर ती साफ विसरली गेली. १९७० च्या दशकात ग्रँड टीटन उद्यानात हंगामी रेंजर असलेल्या डग लीन यांना एका जुन्या कोठारात, टाकून द्यायच्या सामानात, त्यातलं एक सापडलं. त्यांनी पुढे अनेक वर्षं बाकीच्यांचा माग काढला आणि मालिका पुन्हा छापली.

पुनर्मुद्रण प्रामाणिकपणे ‘पुनर्मुद्रण’ म्हणून विकलं तर त्यात गैर काही नाही. घरात लावायला ते उत्तम. पण मूळ प्रत म्हणून पैसे मोजणार असाल तर डोळे उघडे ठेवायला हवेत.

पहिली चाचणी भिंगाची. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग पुरतं. चित्रातल्या आकाशाचा फिकट भाग बघा. मूळ शिळाछाप असेल तर खडूच्या खरखरीत कणांसारखा वेडावाकडा पोत दिसेल, जिथं पिवळ्यावर निळा पडला तिथं सलग हिरवा दिसेल. आजच्या ऑफसेट यंत्रावरची नक्कल असेल तर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके शिस्तीत, फुलासारख्या गोल नक्षीत मांडलेले दिसतील. मग खालच्या समासातली बारीक अक्षरं बघा. मूळ प्रतीत त्यांची कड स्वच्छ आणि शाई भरीव असते. फोटोवरून केलेल्या नकलेत तीच अक्षरं बऱ्याचदा ठिपक्यांत फुटलेली किंवा कडेला पुसट असतात. इथं एक सावधगिरी. १९५० नंतरची पुष्कळ खरी पोस्टरंही ऑफसेटवरच छापलेली आहेत, एअर इंडियाचीसुद्धा. त्यामुळे ठिपके दिसले की नकली, असा सरसकट निकाल लावता येत नाही. १९३० च्या पोस्टरवर ते दिसले तर मात्र खिशातला हात बाहेर काढू नये.

दुसरी चाचणी बोटांची. नकलेत कधीकधी मूळ प्रतीच्या घड्या आणि फाटलेल्या कडासुद्धा छापल्या जातात. डोळ्यांना घडी दिसते, पण बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो. तिसरी चाचणी जांभळ्या दिव्याची, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तोच. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घालायची पद्धत साधारण १९५० पासून रुळली. अंधारात असा कागद निळसर उजळतो. युद्धाआधीचा म्हणून दाखवलेला कागद असा उजळला तर संशय घ्या. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद दिसायला पिवळा असला तरी या दिव्याखाली बऱ्याचदा उघडा पडतो.

आकारही मोजून घ्या. ब्रिटिश आणि भारतीय रेल्वे पोस्टरांत २५ बाय ४० इंच हा ‘डबल रॉयल’ आकार नेहमीचा, आडवी मोठी ५० बाय ४० इंचांची. फ्रेंच रेल्वेची बरीचशी ६२ बाय १०० सेंटिमीटरच्या आसपास, स्विस ९०.५ बाय १२८ सेंटिमीटर. ए३ आकाराचं ‘ओरिजिनल’ कुणी हातात दिलं तर चर्चा वाढवायचं कारण नाही.

भाव ठरतो तो ठिकाण, चित्रकार, अवस्था आणि दुर्मीळपणा यांवर. स्कीइंगची आणि फ्रेंच रिव्हिएराची पोस्टरं महाग, कारण तिथं आजही पैसेवाले जातात आणि त्यांना आपल्या आवडत्या गावाचं चित्र हवं असतं. न्यूयॉर्कच्या स्वानसारख्या लिलावगृहांत ती विकली जातात. सुरुवात तिथून करू नका. जुनी वेळापत्रकं, माहितीपत्रकं, हॉटेलांची सामानावर चिकटवायची लेबलं यांत तीच चित्रकला, तीच छपाई छोट्या आकारात मिळते आणि खिशाला झेपते. डोळा तयार करायला ती उत्तम. त्याआधी यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम आणि लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम यांचे संग्रह ऑनलाइन मनसोक्त बघा, ते फुकट आहे.

घेतलेलं पोस्टर जपणं आपल्या हवेत कठीण. पावसाळ्यात बुरशी, एरवी कसर, आणि वर्षभर ऊन. लॅमिनेशन कधीही करू नका, त्यानंतर कागद सोडवता येत नाही. सेलोटेपचे डाग कागदात खोल उतरतात. फाटलेलं पोस्टर तज्ज्ञाकडून कापडावर चढवून घेता येतं. मांजरपाटासारख्या कापडावर आधी पातळ जपानी कागद, त्यावर पोस्टर, आणि चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. ती पाण्यानं सुटते, म्हणून पन्नास वर्षांनी कुणाला ते काढायचं झालं तरी निघतं. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नये, मागं हार्डबोर्ड लावू नये, आणि जिथं पावसाची ओल येते त्या बाहेरच्या भिंतीवर टांगू नये. उन्हात लाल आणि पिवळा बहुधा आधी उडतात आणि चित्र निळं पडतं.

कायद्याचं थोडं. आपल्याकडे शंभर वर्षांपुढची कलावस्तू आणि पंच्याहत्तर वर्षांपुढचा ऐतिहासिक किंवा कलात्मक मोलाचा दस्तऐवज १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकतो आणि तो देशाबाहेर पाठवता येत नाही. १९३० च्या दशकातलं पोस्टर परदेशी गिऱ्हाइकाला विकण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे पोस्टर तुमच्या मालकीचं असलं तरी त्याच्या प्रती छापून विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही.

शेवटी एक विनंती. फ्रेमवाले नीटनेटकं दिसावं म्हणून खालचा समास कापून टाकतात. तसं करू देऊ नका. छापखान्याचं नाव, क्रमांक, कधी वर्ष, सगळं त्याच पट्टीत असतं. ताडदेवच्या बोल्टन फाइन आर्ट लिथो वर्क्सनं भारताच्या पर्यटनाची कितीतरी पोस्टरं छापली, हे आपल्याला त्या पट्टीवरूनच कळतं. चित्रकाराची सही वर असते, पण दगडावर आणि प्लेटवर चित्र उतरवणारे मुंबईचे कारागीर बहुतेक अनामिक राहिले. घरात कुणी रेल्वेत, छापखान्यात किंवा विमान कंपनीच्या कचेरीत नोकरीला होतं का, ते विचारा. माळ्यावर गुंडाळी सापडली तर रद्दीवाल्याला देण्याआधी ती उलगडा, समासासकट फोटो काढा, आणि कुणाच्या हातून घरात आली ते त्यांच्याकडूनच ऐकून लिहून ठेवा.